मांजरीचे टाके : सुश्रुतापासून घरातल्या बाटलीपर्यंत

मागच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. मधुमेहाच्या तपासणीसाठी नेहमी येणाऱ्या एक आजी नातीला घेऊन आत आल्या. या वेळी साखरेचा रिपोर्ट पिशवीतच ठेवून त्यांनी नातीचा मोबाईल माझ्यापुढे धरला. "आधी हिला पाहा जी डॉक्टरसाहेब, माझं मागून पाहा."

फोटोत घरची मनी होती. तीन दिवसांपूर्वी नागपूरला तिचं गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं होतं. पोटावरचे केस काढलेले, मधोमध चार टाके, आणि टाक्यांभोवतीची कातडी ओली, लालभडक. नातीनं व्हिडिओही काढला होता. त्यात मनीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि चालताना तिचा तोल जात होता.

"टाक्यांवर काय लावलं?"

"काही नाही जी, नेहमीचंच. पाण्यात टाकलं का दुधासारखं पांढरं होते ना, ते. दिवसातून तीनदा पुसून देतो. रात्री कण्हत होती, म्हणून तापाच्या गोळीचा चतकोर..."

"ती मी दिली नाही आजी," नात मध्येच म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मी माणसांचा डॉक्टर. मांजरीवर उपचार करायचा मला अधिकार नाही आणि तेवढं ज्ञानही नाही. म्हणून तिथूनच एका पशुवैद्यक मित्राला फोन लावला. त्यांनी एका दमात सांगितलं : "साध्या कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं ते सगळं पुसून काढायला सांगा, तिला चाटू देऊ नका, आणि आत्ता घेऊन या. सकाळची वाट पाहू नका."

आजी गेल्या. मी मात्र बराच वेळ तसाच बसून होतो, कारण पंधरा वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मीही तीच बाटली सांगितली असती. आजींच्या हातून चूक झाली हे खरं, पण ती अडाणीपणातून झाली नव्हती. जखम दिसली की जंतुनाशक लावायचं, ही सवय डॉक्टरांनीच लोकांना लावली आहे आणि तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या सवयीनं माणसांचे लाखो जीव वाचले. मांजरीच्या बाबतीत ती उलटते. ती का उलटते, आणि टाक्यांची काळजी म्हणजे नेमकं काय, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी टाका काय करतो ते पाहू

बहुतेकांना वाटतं की टाके जखम भरून आणतात. तसं नाही. टाका फक्त दोन कडा एकमेकींजवळ धरून ठेवतो. जोडण्याचं काम शरीर करतं. पहिल्या काही तासांत रक्त गोठून कडा चिकटतात. पुढचे दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशी साफसफाई करतात, त्यामुळे थोडी सूज आणि लाली दिसतेच. त्यानंतर कोलॅजनचे तंतू विणले जायला लागतात. दहा ते चौदा दिवसांनी बाहेरचा धागा काढता येतो, पण तेव्हाही त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या मानानं फारच थोडी असते. ती वाढायला आठवडे आणि महिने लागतात. हे माणसात जसं, तसंच मांजरीत.

म्हणजे त्या दहा-चौदा दिवसांत आपल्याला करायचं असतं ते एवढंच : शरीराच्या कामात आड यायचं नाही आणि दुसऱ्या कुणाला आड येऊ द्यायचं नाही.

ही गोष्ट सुश्रुतसंहितेला चांगली ठाऊक होती. सूत्रस्थानात शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यातला शेवटचा 'सीव्य', म्हणजे शिवणं. कशानं शिवायचं याची यादी वाचताना मला मौज वाटते, कारण त्यातली बरीच झाडंझुडपं आपल्या जिल्ह्यात आजही दिसतात. बारीक सूत आहे, अश्मंतकाच्या सालीचा दोरा आहे (दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटा), शणाचे तंतू आहेत, जवसाचा धागा आहे, गुळवेल आणि मूर्वेचे तंतू आहेत, शिवाय प्राण्यांचे स्नायू आणि केस. आपल्याकडे धान निघायच्या सुमाराला बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस टाकतात. त्या जवसाच्या खोडातून निघणारा धागा कधीकाळी माणसाच्या कातडीतून ओवला जात होता, हे शेतातून जाताना मला हटकून आठवतं.

सुयाही तीन तऱ्हेच्या सांगितल्या आहेत. मांस कमी असेल तिथं आणि सांध्यांवर दोन बोटं लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन बोटांची त्रिधारी, आणि मर्मस्थानं व पोट यांसाठी धनुष्यासारखी वाकडी. पोट शिवायला आजही आम्ही वाकडी सुईच वापरतो. टाका कडेपासून फार दूर घातला तर दुखतं आणि फार जवळ घातला तर कड फाटते, हेही तिथं आहे. आतडं फाटलं असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावून घ्यायचं आणि चावा बसला की मुंगीचं धड तोडून डोकं तसंच ठेवायचं, असाही एक उपाय आहे. परत उघडून काढावा न लागणारा टाका, ही कल्पना इतकी जुनी आहे.

पण मला त्या ग्रंथातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो तो 'व्रणितोपासनीय' नावाचा अध्याय. शस्त्रक्रिया झाल्यानंतर जखमी माणसाला कसं ठेवायचं, एवढाच त्याचा विषय. घर स्वच्छ असावं, जोराचा वारा लागू नये. चवरीनं हलका वारा घालावा. जखम घासू नये, टोचू नये, खाजवू नये आणि झोपेतसुद्धा तिला जपावं. मोहरी, कडुलिंबाची पानं, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा द्यावी, दहा रात्री. दहाच का, हे तिथं सांगितलेलं नाही, पण टाक्यांच्या हिशेबात तो आकडा आजही बसतो. (धुरी मात्र मांजरीला देऊ नका. बंद खोलीतल्या धुरानं तिचा श्वास कोंडतो.)

जनावरांचं काय? घोड्यांसाठी शालिहोत्राची आणि हत्तींसाठी पालकाप्याची परंपरा होती. राजाच्या सैन्याला ज्यांची गरज होती, त्यांच्यासाठी ग्रंथ झाले. मांजरीसाठी कुणी ग्रंथ लिहिला नाही. तिच्या जखमेचं तिनं चाटून काय ते पाहावं, असाच सगळ्यांचा समज. "मांजर चाटून बरी करते" हे वाक्य त्यातूनच आपल्यापर्यंत आलं आहे, आणि ओरखड्यापुरतं ते चालूनही जातं. टाक्यांना मात्र ते लागू नाही. मांजरीच्या जिभेवर घशाकडे वळलेले कडक काटे असतात. हाडावरचं मांस खरवडून काढायला केलेली ती जीभ आहे. त्या जिभेनं अर्धा तास मन लावून चाटलं की गाठ सैल होते, कड उघडते, आणि तोंडातले जंतू आत शिरतात ते वेगळंच.

पोटातल्या गाठीचा प्रश्न

मनीचं जे ऑपरेशन झालं, त्यात बाहेर दिसणारे चार टाके हा सोपा भाग. अवघड भाग आत असतो. बीजकोष आणि गर्भपिशवी काढताना त्यांच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या धाग्यानं घट्ट बांधाव्या लागतात. ती गाठ सुटली तर पोटात रक्तस्राव होतो. आणि ती गाठ पोटात राहणार, तर तिचं पुढं काय होणार?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात डॅनव्हिल गावी डिसेंबर १८०९ मध्ये इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरनं जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंच्या पोटातून बीजकोषाची सुमारे दहा किलोची गाठ काढली. भुलीचा शोध लागायला अजून ३७ वर्षं होती. बाई शुद्धीवर होत्या, ऑपरेशन २५ मिनिटं चाललं. मॅकडॉवेलनं नळीभोवती धागा बांधला, पण त्याची टोकं कापली नाहीत. ती त्यानं जखमेच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबत ठेवली. तेव्हाची रीतच तशी होती. धागा आत सडायचा, पू व्हायचा, आणि काही दिवसांनी टोक ओढलं की तो निघून यायचा. म्हणजे बाहेरून आत जंतू जायला एक वातच लावून ठेवल्यासारखं. क्रॉफर्डबाई कणखर होत्या. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहायला गेले तर त्या स्वतःचं अंथरूण घालत होत्या. त्या पुढं ३२ वर्षं जगल्या. सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं.

जनावरांत हे ऑपरेशन त्याहून कितीतरी जुनं आहे. डुकरिणी आणि सांडणी यांचे बीजकोष काढत असल्याची नोंद ॲरिस्टॉटलनं करून ठेवली आहे. हेतू मांसाचा आणि कामाचा, प्राण्याच्या सुखाचा नव्हे. किती जनावरं दगावली याचा हिशेब कोण ठेवणार?

हे चित्र बदललं ते जोसेफ लिस्टरमुळे. ग्लासगोच्या इस्पितळात काम करणारा हा शांत स्वभावाचा सर्जन. त्याच्या वॉर्डात ऑपरेशन उत्तम व्हायचं आणि रोगी आठवड्याभरात जखम सडून जायचा. पाश्चरचं काम वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं की सडवणारी गोष्ट बाहेरून येते आहे. तिला मारायचं कशानं? कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण कमी करायला कार्बोलिक ॲसिड टाकत होते आणि त्या पाण्यावरच्या कुरणात चरणाऱ्या गुरांचा रोगही कमी झाला, असं त्याच्या कानावर आलं. गुरांच्या कुरणातून ही कल्पना सर्जरीत आली, हे पशुवैद्यक मित्रांना सांगितलं की ते खूश होतात. १२ ऑगस्ट १८६५ ला गाडीचं चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा जेम्स ग्रीनलीज त्याच्याकडे आला. हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्या काळी असा पाय कापतच असत. लिस्टरनं कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. सहा आठवड्यांनी पोरगा बरा झाला. पुढं लिस्टरनं आकडे दिले : आधी अवयव कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांत १६ मृत्यू, नव्या पद्धतीनंतर ४० मध्ये ६.

मग तो आतल्या गाठीकडे वळला. धागाच जंतुरहित असेल तर टोकं बाहेर ठेवायची गरज काय? कार्बोलिकमध्ये भिजवलेला रेशमी धागा त्यानं आधी घोड्याच्या धमनीवर बांधून पाहिला. रेशीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोसा येतो : ऐनाच्या झाडांवर कोसा पाळणारे ढिवर आणि मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर. सर्जरीचं रेशीम मात्र तुतीच्या किड्याचं, जास्त बारीक आणि एकसारखं. गाठ त्याची छान बसते, पण ते शरीरात वर्षानुवर्षं राहतं, आणि जंतू एकदा त्याच्या विणीत शिरले की निघत नाहीत. लिस्टरला विरघळणारा धागा हवा होता.

तो त्याला तातीत सापडला. सारंगीला लावतात ती तात, मेंढीच्या आतड्याची. ३१ डिसेंबर १८६८ ला त्यानं एका वासराच्या मानेतली धमनी कार्बोलिक लावलेल्या तातीनं बांधली आणि महिनाभरानं पाहिलं. तातीच्या जागी जिवंत ऊतकाचं कडं तयार झालं होतं. पू नाही, सडणं नाही. इंग्रजीत या धाग्याला कॅटगट म्हणतात. नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की तो मांजरीच्या आतड्याचा. मांजरीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पुढची शंभर वर्षं जगभर माणसांच्या पोटात हाच धागा होता. मी शिकत असताना काचेच्या नळीतून तो काढायचो, त्याचा तो विशिष्ट वास अजून आठवतो.

आपल्या घरातली बाटली याच घराण्यातली आहे. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. ते माणसाच्या कातडीलाही झोंबायचं, म्हणून पुढं त्याची सौम्य भावंडं शोधली गेली. पाण्यात पांढरं होणारं जंतुनाशक, फरशी पुसायचं काळं फिनाईल, ही सगळी फिनॉलची गोतावळ्यातली मंडळी.

मांजरीला ते का चालत नाही

आपल्या शरीरात फिनॉलसारखं काही शिरलं की यकृत त्याला साखरेसारख्या एका रेणूचं शेपूट जोडतं. शेपूट लागलं की ते पाण्यात विरघळतं आणि लघवीतून बाहेर पडतं. हे शेपूट जोडणारं जे एन्झाइम आहे, त्याचा एक महत्त्वाचा जनुक मांजरीत मोडका आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० साली हे दाखवलं, आणि नंतर मांजरकुळातल्या इतर प्राण्यांतही तसाच बिघाड सापडला. म्हणजे कोकाच्या जंगलातल्या वाघाचं यकृतही याबाबतीत मनीसारखंच. पिढ्यान् पिढ्या फक्त मांस खाल्लं तर वनस्पतींतली विषं पचवायची यंत्रणा वापरात राहत नाही आणि हळूहळू मोडकळीला येते, असं त्याचं कारण मानतात.

त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी असणारं जंतुनाशक मांजरीच्या अंगात साठत जातं. कातडीतून थोडं जातं, चाटल्यानं खूप जातं. लाळ, तोंडात फोड, थरथर, तोल जाणं ही त्याची लक्षणं. आणि पॅरासिटामॉल, म्हणजे आजींची तापाची गोळी, ही यकृतात त्याच वाटेनं जाते. आपण ती बाळांना देतो, म्हणून ती सगळ्यात साधी गोळी वाटते. मांजरीला एका गोळीनं मृत्यू येऊ शकतो. तिचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. चतकोरसुद्धा सुरक्षित नाही. त्या दिवशी नातीनं ती गोळी दिली नाही, म्हणून हा लेख मी हलक्या मनानं लिहू शकतो आहे.

मांजर टेबलावर आली कधी?

उशिरा. परळला बाई साकरबाई पेटिट यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं आणि त्याला लागून १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा डोळ्यांपुढे बैल, घोडे आणि गुरांच्या साथी होत्या. तेच साहजिक होतं. लंडनला फ्रेडरिक हॉब्डे यानं कुत्र्या-मांजरींच्या सर्जरीवर १९०० साली पुस्तक काढलं, भूल देऊन. आपल्या विदर्भात नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ चं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्राचे नियम २००१ मध्ये आले, त्यांच्या नावातच फक्त कुत्री होती. मुंबई महापालिकेनं मांजरींची नसबंदी हाती घेतली ती २०१९ मध्ये. भंडाऱ्यासारख्या ठिकाणी गाई-म्हशी आणि शेळ्या पाहणारे अनुभवी डॉक्टर भरपूर आहेत, पण मांजरीच्या ऑपरेशनसाठी अजूनही बरेच जण साठेक किलोमीटर लांब नागपूर गाठतात. म्हणून ऑपरेशनंतरची काळजी घरावर येऊन पडते, आणि घरात सल्ला मिळतो तो गुरांचा नाहीतर माणसांचा.

दरम्यान धागे सुधारले. नायलॉन आलं. १९७० च्या दशकात असे कृत्रिम धागे आले की जे शरीरातल्या पाण्यानंच हळूहळू विरघळतात, तातीइतकी सूज आणत नाहीत. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागलं. लिस्टर जे काम कार्बोलिकच्या वाफाऱ्यात घामाघूम होऊन करत होता, ते आता पाकीट फोडण्याआधीच झालेलं असतं. याचा आपल्यासाठी अर्थ असा की मनीची जखम शिवली गेली तेव्हा ती स्वच्छ होती. घरी आणून तिच्यावर पुन्हा जंतुनाशक ओतायचं कारण उरलेलं नाही.

ते दहा-बारा दिवस

मग घरी करायचं काय? फारसं काही नाही, पण जे करायचं ते नेमानं.

गळ्यात कॉलर ठेवा. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या दरबारी लोकांच्या गळ्याभोवती जी चुणीदार झालर असे, तिच्यावरून पशुवैद्यक तिला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. आपल्या भाषेत गळ्यातलं नरसाळं. मांजर पहिला दिवस भिंतींना धडकते, मागे मागे चालते, रुसते. घरच्यांना दया येते आणि रात्री कॉलर काढली जाते. बहुतेक टाके रात्रीच उसवतात. नरसाळं चालतच नसेल तर बाळाच्या जुन्या झबल्याला चार पायांसाठी भोकं पाडून अंगात घालता येतं, फक्त ते ओलं झालं की बदला. सुश्रुतानं झोपेतही जखम जपा म्हटलं, ते इथं अक्षरशः लागू आहे.

टाके कोरडे राहू द्या. आंघोळ नाही, पुसणं नाही, हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. हळद विषारी नाही, पण तिचा लेप बसला की खालची कड दिसत नाही आणि धूळ चिकटते. पशुवैद्यकांनी एखादं औषध लावायला दिलं असेल तर तेवढंच आणि तेवढेच दिवस. दिवसातून दोनदा, उजेडात, फक्त पाहा. रोज एक फोटो काढून ठेवा. कालच्यापेक्षा आज लाली कमी की जास्त, हे आठवणीपेक्षा फोटो बरं सांगतो.

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, एखादा रक्ताचा ठिपका, हे चालतं. टाक्यांच्या रेषेखाली हरभऱ्याएवढी टणक गाठ लागते, ती बऱ्याचदा आत विरघळणाऱ्या धाग्यावरची प्रतिक्रिया असते आणि काही आठवड्यांत जाते. पण गाठ मऊ असेल, अचानक आली असेल किंवा वाढत असेल तर दाखवा, कारण आतला थर सुटून पोटातलं काही कातडीखाली आलेलं असू शकतं. पू, वास, कड उघडणं, सतत ठिबकणारं रक्त, फिकट हिरड्या, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, वारंवार उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. आणि देव न करो, पण टाका सुटून आतला भाग बाहेर आलाच, तर तो आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडानं झाका, कापड बांधून धरा, आणि निघा.

आपल्याकडे एक धोका शहरातल्या पुस्तकांत सहसा नसतो. रोवणीच्या दिवसांत, ओल आणि गोठ्याजवळच्या माश्या यांमुळे उघड्या जखमेत किडे पडतात. गुरांच्या जखमेत किडे पडले की फिनाईल, कापूर, टर्पेन्टाईन किंवा रॉकेल घालायची गावाकडे रीत आहे. मांजरीला यांतलं काहीही घालू नका, वर सांगितलेल्या यकृताची आठवण ठेवा. तिला दहा दिवस घरात, माश्या येणार नाहीत अशा खोलीत ठेवणं हाच उपाय. जमत असेल तर ऑपरेशन पावसाळ्यानंतर करा, अर्थात ती आधीच गाभण राहणार नसेल तर. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, त्यामुळे फार लांबवणंही परवडत नाही.

दुखतं का? हो, दुखतं. त्यासाठी मांजरींचं वेगळं औषध असतं. घरी येताना तेवढं विचारून घ्या, म्हणजे रात्री डब्यातली गोळी शोधायची वेळ येत नाही.

मनीला मित्राच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती वाटीतलं मासळीचं पाणी प्यायली. नातीनं एक्स-रेच्या जुन्या फिल्मचं नरसाळं करून तिच्या गळ्यात बांधलं, कडेला कापूस गुंडाळून. ऑपरेशनच्या तेराव्या दिवशी टाके निघाले.

त्या संध्याकाळी आजींचा रिपोर्ट पिशवीतच राहिला होता. टाके निघाल्याचं सांगायला त्या आल्या तेव्हा मी तो मागून घेतला. जेवणानंतरची साखर २४८ होती.